मातीच्या पात्रातलं वैभव

या महिन्याच्या टपालात चार पत्रं अशी निघाली की लिहिणारी माणसं वेगळी, गावं वेगळी, आणि दुखणं मात्र एकच. कुणी त्याला वैभव म्हटलंय, कुणी थाट. म्हणून बाकीची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवून ही चार एकत्र घेते.

प्रश्न : बाई, मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि एक ऐतिहासिक कादंबरी लिहितोय. दरबाराचं प्रकरण तीनदा लिहून झालं. आमच्या सरांनी वाचलं आणि म्हणाले, ‘सगळं आहे, पण वैभव दिसत नाही.’ झुंबरं, गालिचे, रत्नजडित सिंहासन, अत्तराचे फवारे, मी काही म्हणता काही सोडलेलं नाही. माझं चुकतंय कुठं? (एक विद्यार्थी, विटा)

उत्तर : तू पाठवलेली दोन पानं मी दोनदा वाचली. पहिल्याच पानावर ‘भव्य’ सहा वेळा आणि ‘डोळे दिपवणारं’ तीन वेळा आलंय. डोळे दिपल्यावर काही दिसत नसतं, बाळ. वाचकाचं तेच झालं. तुझ्या सरांनी बरोबर ओळखलंय.

आधी एक प्रसंग सांगते. मी सांगलीत तीसेक वर्षं मराठी आणि संस्कृत शिकवलं. दरवर्षी दसऱ्याच्या सुट्टीआधी, अभ्यासक्रमात असो नसो, रघुवंशाचा पाचवा सर्ग वर्गात वाचायचेच. रघुराजानं विश्वजित यज्ञ केलाय. या यज्ञात जवळ असेल ते सगळं देऊन टाकायचं असतं. खजिना रिकामा झालाय आणि अशा वेळी वरतंतू ऋषींचा शिष्य कौत्स दारात उभा राहतो. त्याला गुरुदक्षिणा द्यायची आहे. गुरू म्हणत होते, तुझी सेवा पोचली, दुसरं काही नको. यानं हट्टच धरला, तेव्हा ते रागावले आणि म्हणाले, चौदा विद्या शिकवल्या, चौदा कोटी आण. आता एवढं धन राजाशिवाय कुणाकडं मागणार? राजा स्वागताला उठतो. अतिथीला अर्घ्य द्यायचं, तर घरात सोन्याचं एक भांडं उरलेलं नाही. तो मातीच्या पात्रातून अर्घ्य देतो.

कालिदास इथं गळा काढत नाही. अर्ध्या श्लोकात ते मातीचं पात्र ठेवतो आणि पुढं जातो. पण कौत्साला ते दिसतं, आणि मागायला आलेला हा मुलगा मागतच नाही. म्हणतो, रानातल्या लोकांनी दाणे काढून नेल्यावर नीवाराचं नुसतं ताट उभं राहतं ना, तसा तू शोभतोस. नीवार म्हणजे देवभात, कुणी न पेरता उगवणारं. आणि म्हणतो, देवांनी एकेक कला पिऊन टाकलेला चंद्र वाढत्या चंद्रापेक्षा मोठा. मग निघायला लागतो. राजा त्याला थांबवतो, कुबेरावर चाल करून जायचं ठरवतो आणि त्या रात्री शस्त्रांसह रथातच झोपतो. सकाळी कोठारावरचे लोक धावत येतात, आत सोन्याचा पाऊस पडलेला असतो. सोनं इथं पहिल्यांदा येतं, ढिगानं येतं, उंट आणि घोड्यांवर लादून न्यावं लागतं इतकं. पण कालिदासाचं लक्ष ढिगाकडं नाही. राजा म्हणतो, सगळं ने. कौत्स म्हणतो, गुरूंचे तेवढेच. साकेतचे, म्हणजे अयोध्येचे, लोक या दोघांकडं बघत राहतात.

आपल्याकडं दसऱ्याला आपट्याची पानं हातावर ठेवून ‘सोनं घ्या, सोन्यासारखं राहा’ म्हणतात, त्याला लोकांनी हीच कथा जोडलेली आहे, हे तुला ठाऊक असेल.

या सर्गात रघूचं वैभव मला सगळ्यात जास्त कुठं दिसतं म्हणशील, तर त्या मातीच्या पात्रात. आधी काय होतं आणि ते कुठं गेलं, हे त्या एका वस्तूनं कळतं. तुझ्या सिंहासनाला आगापिछा नाही. ते कुणी घडवलं, कुणाचं होतं, त्यावर बसणाऱ्याला ते टोचतं का, काहीच नाही.

गालिचे लिहिणं चूक आहे असं मात्र समजू नकोस. संस्कृत काव्यशास्त्रात वैभवाच्या वर्णनाला चक्क एक अलंकार दिलाय, उदात्त. मम्मटानं काव्यप्रकाशात त्याची दोन अंगं सांगितली. एक वस्तूंची समृद्धी, दुसरं मोठ्या माणसांच्या चरित्राचा आलेला उल्लेख. तू पहिल्यावर थांबलास. त्या दालनात माणूस काय करतो, ते आलंच नाही.

आता घरातलं सांगते. माझे वडील इथल्या एका अडत दुकानात दिवाणजी होते. तेव्हा सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवं होती. पेव म्हणजे जमिनीत खोदलेली कोठी, तोंडाशी माणूस जेमतेम उतरेल एवढी आणि आत पोटाशी रुंद. तिथली माती अशी की हळद वर्षानुवर्षं राहायची, कीड लागायची नाही. मी नऊ-दहा वर्षांची असताना पेव उघडायचं होतं तेव्हा वडिलांनी मला बघायला नेलं. तोंडावरची माती काढली. बराच वेळ ते तसंच उघडं ठेवलं. मग कंदील दोरीला बांधून आत सोडला, आणि विझला नाही म्हटल्यावर एक माणूस उतरला. मी काठावर पालथी पडून आत वाकले. खाली मिट्ट काळोख आणि कंदिलाभोवती थाळीएवढं पिवळं. किती आहे ते दिसत नव्हतं, पण चहूकडं आहे हे कळत होतं. नाकात हळद गेली आणि मला शिंका यायला लागल्या. तो माणूस वर आला तेव्हा त्याच्या पापण्यांचे केससुद्धा पिवळे झाले होते. तो हसला आणि खिशातून एक हळकुंड काढून माझ्या हातावर ठेवलं.

पुढं मी म्हैसूरचा राजवाडा पाहिला, दिल्ली पाहिली. पण कुणी वैभव म्हणालं की माझ्यापुढं त्या पापण्या येतात. २००५ च्या महापुरात त्यातली पुष्कळ पेवं पाण्यानं गेली. ते हळकुंड परवापरवापर्यंत माझ्या देव्हाऱ्यात होतं.

आणि तू तर सांगली जिल्ह्यातला. १८४३ साली संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ नाटक केलं, तेव्हा जनकाची सभा उभी करायला त्यांच्याजवळ काय होतं? रंगवलेले देखावे नव्हते, विजेचे दिवे नव्हते. एक पडदा, मागं साथीची मंडळी आणि पद्यं म्हणणारा सूत्रधार. तो गायचा आणि बघणाऱ्यांना मिथिला दिसायची. कुणाचे डोळे दिपवायची सोयच नव्हती, म्हणून लोकांना स्वतःचे डोळे वापरावे लागले.

तेव्हा असं कर. ते प्रकरण बाजूला ठेव आणि दरबार भरायच्या आधीच्या पहाटेपासून सुरुवात कर. फरासखान्यातला, म्हणजे तंबू-बिछायती सांभाळणाऱ्या खात्यातला, एखादा माणूस गालिचा उलगडतोय. त्याला ठाऊक आहे की या गालिच्याचा एक कोपरा मागं निखारा पडून जळलाय, आणि तो कोपरा खांबाच्या मागं गेला पाहिजे. एवढंच लिही. सिंहासन त्याच्या डोळ्यांनी दाखव, ओझरतं. त्यानं आयुष्यात त्याच्याकडं नीट वर मान करून बघितलेलं नसणार. ‘भव्य’ शब्द एकदाही येऊ देऊ नकोस आणि मला पाठव. मी वाट बघते.

प्रश्न : वैभव, ऐश्वर्य, थाट, डौल, भपका हे सगळे शब्द आम्ही एकाच अर्थानं वापरतो. त्यांत फरक आहे का? (एक वाचक, आटपाडी)

उत्तर : आहे, आणि तो तुमच्या बोलण्यातच आहे. ‘लग्न थाटात झालं’ हे कौतुक. ‘लग्नात भपकाच फार’ म्हटलं की नाव ठेवलं. खर्च कदाचित सारखाच झालेला असतो. भपका दुसऱ्याला दाखवायला असतो आणि थाटात आलेल्या माणसालाही जागा असते, असा मी माझ्यापुरता अर्थ लावते. ऐश्वर्य हा शब्द ईश्वरावरून आला, त्यात सत्ता आहे. वैभव ‘विभव’वरून आलं. गीतेच्या दहाव्या अध्यायाचं नाव विभूतियोग, ती विभूतीही याच ‘भू’ धातूची. म्हणजे मूळ अर्थात सोनंनाणं नाही, आतलं बाहेर पसरणं आहे.

डौल मात्र वेगळा, आणि तो तुम्हा आटपाडीकरांना कुणी शिकवायला नको. खरसुंडीच्या यात्रेत खिलार खोंड पाहिलेत ना? बेंदराला, बैलांच्या सणाला, त्याला झूल घालतात, शिंगं रंगवतात, त्यांच्या टोकांना शेंब्या बसवतात, गोंडे बांधतात. तो झाला थाट. दुसऱ्या दिवशी सगळं उतरवून तो मोकळा चालायला लागतो, तेव्हा जे दिसतं तो डौल. तो उतरवून पेटीत ठेवता येत नाही.

प्रश्न : आदरणीय बाई, आमची एकुलती एक मुलगी पुण्यात नोकरी करते. तिनं लग्न ठरवलंय. मुलगा चांगला आहे, आमची हरकत नाही. पण ती म्हणते, लग्न रजिस्टर करायचं, पन्नास माणसं, बस्स. बाई, मी द्राक्षबागायतदार. ही जन्मली तेव्हापासून हिचं लग्न डोळ्यांपुढं आहे. मांडव, बँड, सगळ्या गावाला जेवण. लागलं तर सोसायटीचं थोडं कर्ज काढीन. सगळे मला सांगतात की साधेपणा हाच मोठेपणा. मला ते पटत नाही. माझं चुकतं का? (एक वडील, तासगाव तालुका)

उत्तर : दादा, तुमचं चुकत नाही. ‘साधेपणा हाच मोठेपणा’ हे वाक्य मलाही कधी पुरतं पटलेलं नाही. माणसाला आयुष्यात एखादा दिवस असा हवा असतो की त्या दिवशी हात आखडायचा नाही. देवळाला कळस लागतो, तशीच ती भूक आहे आणि तिची लाज वाटायचं कारण नाही.

तुमच्या शेजारचंच उदाहरण घ्या. नागठाणे तुमच्यापासून किती लांब? बालगंधर्व तिथं जन्मले, १८८८ साली. त्यांनी रंगमंचावर भारीतले भारी शालू आणले, दागिने आणले. नाटकाच्या थिएटरात अत्तराचा घमघमाट असायचा म्हणून आमचे आजोबा सांगायचे. त्यापायी कंपनी कर्जात गेली आणि पुढं कष्टानं त्यांनी कर्ज फेडलंही. लोक त्याला उधळेपणा म्हणतात. मला तसं म्हणवत नाही. तो खर्च त्यांनी समोर बसलेल्या माणसासाठी केला. चार आण्याचं तिकीट काढून आलेल्या बाईलाही ‘स्वयंवर’ नाटकातल्या रुक्मिणीचा शालू खराच दिसला पाहिजे, ही त्यांची ओढ होती. आणि याच बालगंधर्वांनी १९१९ साली ‘एकच प्याला’त सिंधू केली. दारुड्याची बायको, अंगावर ठिगळाचं लुगडं. त्या लुगड्यातही ते तितकेच राजस दिसले आणि थिएटरं रडली.

कर्जाबद्दल मात्र स्पष्ट सांगते, काढू नका. बागेचं गणित माझ्यापेक्षा तुम्हाला कळतं. एक अवकाळी पाऊस फुलोऱ्यात आला की वर्ष गेलं. मुलीच्या लग्नाची आठवण हप्त्याच्या तारखेला येऊ नये.

माझ्या लग्नाचं सांगते. वडिलांचा पगार तो केवढा. बँड नव्हता, फोटोही चारच काढले. पण आईनं वर्षभर लोणी कढवून तीन बरण्या तूप साठवलं होतं, घरात आम्हाला त्या वर्षी तूप मोजून मिळायचं. पंगत बसली, पुरणपोळ्या वाढल्या, आणि वडील स्वतः तुपाचं भांडं घेऊन उठले. अंगात धुतलेला सदरा, कमरेला पंचा. त्यांनी पोळीवर धार धरली की समोरच्यानं हात आडवा घातला तरी ते थांबत नसत. तूप पोळीवरून पानावर आणि पानावरून फरशीवर. दुकानातले हमाल पंगतीला होते, मालकही त्याच पंगतीला होते, आणि धार दोघांना सारखीच. माझी आई दाराआडून ‘अहो, पुरे’ म्हणत होती आणि ते ऐकत नव्हते. आज इतक्या वर्षांनी गावभागात कुणी जुनं माणूस भेटलं, तर माझ्या लग्नातलं तूप काढतंच.

तर तुम्ही मुलीशी असं बोला. लग्न तिच्या मनासारखं, रजिस्टर. विशेष विवाह कायद्याखाली करणार असाल तर विवाह अधिकाऱ्याकडं तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि सह्यांना तीन साक्षीदार लागतात. त्या तारखा आधी पक्क्या करा, पन्नास माणसं तिथं घेऊन जा. आणि मग एक दिवस तिच्याकडून तुमच्यासाठी मागून घ्या. तुमच्याकडं बेदाण्याचं शेड असेलच. हंगाम संपला की ते रिकामं असतं, चारी बाजूंनी वारं, वर सावली. तिथं गावाला जेवण घाला. पदार्थ चारच करा, पण त्यातला एक असा करा की माणसं नको नको म्हणाली पाहिजेत. काय करायचं ते मुलीला ठरवू द्या. आणि वाढायला केटररचा पोरगा उभा करू नका, स्वतः वाढा. जावयाच्या हातातही भांडं द्या.

बागेत वर्षभर छाटणीला, विरळणीला येणाऱ्या बायकांना पहिल्या पंगतीला बसवा. हे तुम्हाला सुचलं असतंच, तरी लिहिते.

प्रश्न : ताई, मी ६८ वर्षांची आहे. पेठेतला आमचा वाडा विकला, यजमान गेले, आता दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकटी राहते. लग्नाआधी दहा वर्षं गाणं शिकले होते. त्या वेळचा मिरजेचा तानपुरा कोपऱ्यात आहे. जागा अडवतो आणि त्याचा आवाजही बसलाय. विकून टाकावा का? रोज वाटतं, जगण्यातलं वैभव संपलं. (एक भगिनी, सातारा)

उत्तर : विकू नका. आधी तानपुऱ्याचं बोलू.

तुमच्याजवळ काय आहे ते बघा. मिरजेतल्या शिकलगारांचा मूळ धंदा तलवारी-भाल्यांना धार लावायचा. राज्यं गेली, शस्त्रांचं काम आटलं आणि एकोणिसाव्या शतकात त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी आणि घरच्यांनी तंतुवाद्यं दुरुस्त करता करता घडवायला घेतली. तेच पुढं सतारमेकर झाले. पात्याची धार बोटानं जोखणारे हात तुमच्या तानपुऱ्याच्या घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, फिरलेत. कडू भोपळा वाळवून, तुनाच्या लाकडाचा दांडा जोडून, महिनोन्‌महिने ते काम चालतं. मी एकदा तिथल्या एका कारखान्यात दुपारभर बसले होते. एक म्हातारे कारागीर जवारी लावत होते, म्हणजे तार नीट गुंजावी म्हणून घोडीचा माथा घासत होते. घोडीवर कानस एकदाच फिरवायची, तार चढवायची, छेडायची, ऐकायचं, तार उतरवायची, पुन्हा एकदा कानस. दोन तासांत त्यांनी जेवढं लाकूड काढलं, ते चिमटीत मावलं असतं. मग तारेखाली सूत सरकवलं आणि खर्ज, म्हणजे सगळ्यात खालच्या ‘सा’ची तार, छेडला. चार तारा, त्यांत गंधाराची, म्हणजे ‘ग’ची, एकही नाही, आणि खर्जातून गंधार उमटला. स्वच्छ, घरात कुणी तिसरं माणूस गातंय असा. ते कारागीर मान न उचलता म्हणाले, ‘आला.’

ताई, वाडा विकताना तुमच्या काळजाचं काय झालं असेल ते मला समजतं. २०१९ च्या पुरात आमच्याही घरात पाणी होतं, माझी निम्मी पुस्तकं आणि देव्हाऱ्यातलं ते हळकुंड गेलं. गेलं ते गेलंच, त्याला मी दुसरं नाव देणार नाही. पण मिरजेत ज्यांची कबर आहे ते थोर गवई अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ मध्ये कसे गेले ते ऐकलंय ना? मद्रासकडून पाँडिचेरीला निघाले होते, वाटेत छातीत दुखायला लागलं, एका लहानशा स्टेशनवर उतरले. रात्रीची वेळ, फलाटावर अंथरलेलं अंथरूण. त्यांनी तानपुरा जुळवायला सांगितला, सुरात प्रार्थना म्हटली आणि तिथंच आडवे झाले. ते दृश्य मी कधी पाहिलेलं नाही, पण दरबार म्हटलं की मला तो फलाट आठवतो.

आता कामाचं. आवाज बसलाय म्हणता, म्हणजे बहुधा तारांनी घोडीवर चरे पाडलेत. जवारी पुन्हा काढून घेतली की आवाज उघडेल. भोपळ्याला तडा गेलाय का ते बोटानं चाचपून बघा, सांध्याशी जास्त बघा. खुंट्या सरकत असतील तर त्यांना खडू लावा. पाऊस लागायच्या आत नेलात तर बरं, दमट हवेत लाकूड फुगतं. तारा सैल करून, गवसणीत घालून आणा. साताऱ्याहून मिरजेला थेट गाडी आहे. सामानाच्या फळीवर मात्र ठेवू नका, भोपळा मांडीवरच घ्या.

जाताना आधी सांगलीत माझ्याकडं उतरा. मी बरोबर येते. काम झाल्यावर परत माझ्याकडंच या, दार लावून घेऊ, तुम्ही खर्ज छेडा. गंधार येतो का ते दोघी मिळून ऐकू.